द्वारकाबाईंचा उंबरठा

देवळखेडला घरात कुणी शिंकलं की त्या घराचा उंबरठा वर येतो. एका शिंकेला वीतभर, पुढच्या शिंकेला आणखी वीतभर, आणि शिंकणारा गप्प राहिला तर भाताला वाफ येईतो पुन्हा खाली बसतो. तोवर बाहेर पडायचं नाही. पडायचं नाही म्हणजे पडताच येत नाही. पाय उचलावा तितका उंबरठाही उचलला जातो. खिडकीतून उडी मारणारे शहाणे गावात होऊन गेले. ते मागच्या बोळात उतरत आणि पुढच्या दाराने पुन्हा घरात येत, तेही नेमके पानं वाढायच्या वेळी. आत येणाऱ्याला मात्र उंबरठा अडवत नाही, मग तो कितीही वर असो. आल्या पाहुण्याला दारात अडवणं देवळखेडच्या रीतीत बसत नाही.

इतर घरांत याचं कुणाला काही वाटत नसे. शिंक झाली की लोक चपला काढून बसत, घोटभर पाणी पीत, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी करत आणि मग निघत. खरी पंचाईत सोनटक्क्यांच्या घरी होती. पाऊस ओसरला की द्वारकाबाई सोनटक्के शिंकायला लागत, त्या थंडी पडेपर्यंत. नाकाला धार, डोळे लाल, टाळूला अशी खाज की जीभ घासून घासून बाई बेजार. वास म्हणाल तर भाजी करपून कोळसा झाली तरी पत्ता नाही. नवरा होता तोवर तो म्हणे, जुनाट सर्दी आहे, जाईल. तो गेला, सर्दी राहिली.

त्या दिवसांत सोनटक्क्यांचा उंबरठा छातीपर्यंत असे. घरातलं कुणी बाहेर पडत नसे. मुलगा हेमंत पाण्याच्या मोटारी वाइंड करायचा. गिऱ्हाईक जळकी मोटार उंबरठ्यावरून आत ढकलायचं आणि दुरुस्त झालेली वरूनच उचलून न्यायचं. किराणाही तसाच यायचा. दसऱ्याचं सोनंही लोक आत येऊन देत नसत, वरून टाकत, कारण आत आलं की मग अडकलंच. संसार चालला होता. तक्रार करायची कुणाकडे?

अशात ऐन नवरात्रात सुनेची नोकरी आली. सुनेचं नाव रेवती. एसटीत वाहक म्हणून निवड झाली होती, आणि सोमवारी सकाळी डेपोत हजर व्हायचं होतं. नाही झालं तर जागा पुढच्या उमेदवाराला. रेवतीने त्यासाठी दोन वर्षं कणीक मळता मळता अभ्यास केला होता. तिने निवडीचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. द्वारकाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी सुनेला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरच सटासट शिंकल्या. उंबरठा कमरेवरून गळ्यापर्यंत गेला.

शेजारच्या पद्माबाई हे सगळं भिंतीपलीकडून बघत होत्या. "सासूच ती!" त्या रस्त्यावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "सून कमावती झालेली बघवेल का? शिंकणारच!" एवढ्यावर न थांबता त्यांनी नगरपालिकेत तक्रारही दिली.

द्वारकाबाईंनी ते ऐकलं आणि रेवतीनेही ऐकलं. त्या रात्री रेवतीने सासूच्या पानात भाकरी वाढली ती नुसती ठेवून दिली, 'तूप घेता का' असं विचारलं नाही. शत्रूने चार शिव्या दिल्या तरी माणूस सोसतं. घरच्या माणसाने तूप विचारलं नाही की जीव तुटतो.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या उंबरठा विभागातून घोडके नावाचे निरीक्षक आले. हातात टेप, काखेत छत्री. आत येऊ नये हे त्यांना चांगलं माहीत होतं, पण नियमाप्रमाणे मोजणी आतल्या बाजूने करायची असते. ते देवाचं नाव घेऊन आत आले.

"शिंक नैसर्गिक की हेतुपुरस्सर?" त्यांनी विचारलं.

"मला काय हौस आहे का हो?" द्वारकाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"तसं नाही, बाई. तक्रार आलीय, तपासावं लागतं. आता एक शिंक मुद्दाम काढून दाखवा."

द्वारकाबाईंनी पदर सावरला, नाक फेंदारलं आणि "आऽऽक्छी" केलं. उंबरठा जागचा हलला नाही. घोडक्यांनी टेप लावून खात्री केली. पुन्हा करायला सांगितलं. द्वारकाबाईंनी दुसऱ्यांदा 'आऽऽ' म्हणताच मधेच खरी शिंक आली आणि उंबरठा टेपसकट वर गेला.

"नैसर्गिक," घोडके म्हणाले. "मुद्दाम केलेल्या शिंकेला उंबरठा दाद देत नाही. तक्रार फेटाळली." मग त्यांनी दाराकडे पाहिलं, छत्री खुंटीला लावली आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

रेवती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली आणि सासूच्या पायाशी बसली. "मला वाटलं होतं, आई," ती म्हणाली. "एकदाच वाटलं, पण वाटलं."

"वाटणारच गं! मलासुद्धा वाटलं असतं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "माझं मेलं हे नाक तुझ्या पोटावर पाय देतंय. कापून टाकता आलं असतं तर टाकलं असतं."

"नाक कापायचं कशाला? डॉक्टर बोलावू," हेमंत म्हणाला. इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण सर्दीला कुणी डॉक्टर बोलावतं का?

डॉक्टर शेवडेबाई फोनवर जरा घुटमळल्या. आत येणं सोपं होतं, प्रश्न पुढचा होता. पण मग म्हणाल्या, "येते. डबा आणत नाही, तुमच्याकडेच जेवीन." त्या बॅग घेऊन आल्या, घोडक्यांशेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि द्वारकाबाईंना विचारायला लागल्या. ताप येतो का? नाही. खाज येते? येते. पाऊस सरल्यावरच? हो.

"सर्दी नाही ही," डॉक्टर म्हणाल्या. "परागकणांचा त्रास आहे. शेजारी काय उगवलंय?"

हेमंतने खिडकीतून दाखवलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजलं होतं, कमरेइतकं, वर पांढऱ्या फुलांचा नुसता खच. डॉक्टरांनी ताबडतोब खिडकी लावली. बॅगेतून नाकात मारायचा फवारा काढला, गोळ्या दिल्या, आणि उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक कसं धुवायचं ते मोरीशी उभं राहून शिकवलं. द्वारकाबाईंनी सगळं निमूटपणे केलं. नाकातून पाणी गेलं तेव्हा मात्र त्यांनी तीन पिढ्यांचे देव आठवले.

दिवसा बरा फरक पडला. उंबरठा गुडघ्यापर्यंत उतरला आणि घोडक्यांनी छत्री खुंटीवरून काढून हातात घेतली. पण सकाळी उठून बघतात तर उंबरठा पुन्हा छातीला. घोडक्यांनी छत्री परत लावली. डॉक्टर विचारात पडल्या. खिडक्या बंद, औषध चालू, आणि बाई रात्री अंथरुणातच जास्त शिंकतात, हे कसं?

"अंथरूण धुता कधी?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकून द्वारकाबाईंना रागच आला. "कधी म्हणजे? घट बसायच्या आधी घरातली गोधडी न् गोधडी धुतली मी! मागच्या बंदिस्त चौकातल्या दगडावर स्वतः आपटली. सोनटक्क्यांच्या घरात नवरात्रात पारोसं अंथरूण राहील का?"

"वाळत कुठे घातल्या?"

"कुठे म्हणजे? मागच्या भिंतीवरून पलीकडे सोडल्या. त्या प्लॉटवर ऊन बघा कसं छान येतं. गवतावर पसरल्या की जमिनीची मातीसुद्धा लागत नाही. आणि रोज सकाळी काठीने पुन्हा पलीकडे टाकते. सर्दीच्या माणसाने कसं, उन्हात तापलेलं पांघरूण घ्यावं."

घोडके उठले, खाटेवरच्या गोधडीला त्यांनी एक टिचकी मारली. पिवळसर धूळ उडाली आणि द्वारकाबाई शिंकल्या. घोडके स्वतःही शिंकले.

"अगं बाई!" द्वारकाबाई म्हणाल्या. मग खाली बसल्या. इतकी वर्षं दर सकाळी त्या स्वतःच्या हाताने शिंका गोळा करून आणत होत्या आणि रात्री पांघरून झोपत होत्या. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. शेवटी त्या हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले.

मग कामाला वेळ लागला नाही. मोरीत गरम पाणी ओतलं आणि गोधड्या घातल्या. द्वारकाबाईंना दुसऱ्या खोलीत बसवून हेमंत आणि निरीक्षक घोडके पँटी दुमडून त्या तुडवायला लागले. पंखा लावून घरातच वाळवायच्या ठरल्या. उरलं गवत. ते उपटायला बाहेरचं माणूस हवं होतं, आणि बाहेर जवळचं असं एकच माणूस होतं.

द्वारकाबाई तोंडाला ओला फडका बांधून खिडकीच्या काचेशी गेल्या. "पद्मा!" त्यांनी हाक मारली. "एक काम होतं गं."

पद्माबाई आल्या त्या नाक मुरडतच. काम ऐकून त्यांनी भुवया चढवल्या. "म्हणजे वहिनी, सुनेला खरंच घालवायचंय तुम्हाला?"

"घालवायचं नाही. पाठवायचंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी कोपऱ्यावरच्या देवळात जायचं म्हटलं तरी या दिवसांत मला जमलं नाही. ती रोज शंभर गावं बघून घरी येईल आणि मला सांगेल. पद्मा, तुझ्या पाया पडते."

पद्माबाईंचा चेहरा उतरला. "पाया कशाला पडता," त्या पुटपुटल्या. "तक्रार काय, मी आपली रागाच्या भरात दिली हो." त्यांनी हातांना पिशव्या बांधल्या, तोंडाला पदर गुंडाळला, आणि डॉक्टर काचेमागून खुणा करत होत्या तसं आधी गवतावर पाणी मारलं, म्हणजे फूल उडू नये. रस्त्यावरच्या ज्या बायकांना त्यांनी ऐकवलं होतं त्यांनाच त्या ओढून घेऊन आल्या. संध्याकाळपर्यंत प्लॉट तासून काढल्यासारखा झाला. मुळं वर करून गवत खड्ड्यात गेलं.

रविवारी द्वारकाबाई दुपारी एकदा शिंकल्या, मग नाही. रात्री मोरीतून निघालेल्या गोधडीत त्या झोपल्या त्या थेट उजाडल्यावरच जागच्या हलल्या.

सोमवारी उंबरठा जमिनीला टेकलेला होता. घोडक्यांनी टेप लावून पाहिलं आणि मान हलवली. रेवतीने फिकी निळी साडी नेसली होती, हातात कागदांची पिशवी. देवाला नमस्कार झाला, हातावर दहीसाखर झाली. डॉक्टर आणि घोडके भिंतीला लागून उभे होते, कारण उंबरठा रात्रीच उतरला असला तरी आधी तिने जायचं हे न बोलता ठरलं होतं. रेवती सासूच्या पाया पडायला वाकली.

आणि द्वारकाबाईंच्या नाकात हुळहुळलं.

त्यांनी आशीर्वादाला उचललेला हात तसाच वर राहिला. गवत गेलं होतं, गोधड्या धुतल्या होत्या, पण शिंक ती शिंक. तिला कुणी बोलावलेलं नसतं. हेमंतने श्वास रोखला. घोडक्यांनी डोळे मिटले. द्वारकाबाईंनी वरच्या ओठावर बोट दाबलं, दुसऱ्या हाताने दार दाखवलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, जा.

रेवतीला समजलं. 'येते' म्हणायचं राहिलं. तिने पिशवी छातीशी धरली आणि पाय उचलला. उंबरठा उचलला गेला नाही. दुसरा पाय बाहेर पडला. ती रस्त्यावर उभी राहिली, ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं, आणि मगच द्वारकाबाई शिंकल्या.

उंबरठा वीतभर वर आला.

"आई!" रेवती बाहेरून ओरडली. ती रडत होती की हसत होती हे आतून नीट दिसत नव्हतं.

"जा गं! मागे बघत बसू नकोस, डेपोत वेळेवर पोच!" द्वारकाबाई ओरडल्या. "आणि रात्री सगळं सांग. कुठलं कुठलं गाव लागलं, कोण कोण चढलं, सगळं!"

रेवती पळतच कोपऱ्यावर गेली आणि वळली. द्वारकाबाई दारात बसल्या. निरीक्षक घोडक्यांनी वीतभर उंचीची तोंडी नोंद घेतली आणि खुर्चीवर टेकले. डॉक्टरही टेकल्या. हेमंत चहा ठेवायला आत गेला.

थोड्या वेळाने द्वारकाबाईंनी मान वळवली. "हेमंत, चहात आलं घातलं नाहीस का रे?"

"विसरलो," आतून आवाज आला.

डॉक्टर शेवडेबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "तुम्हाला इथे बसून कसं कळलं?"

"वास नाही आला," द्वारकाबाई म्हणाल्या. "चहाच्या भुकटीचा येतोय, दुधाचा येतोय. आल्याचा नाही."

आणि आपण काय बोललो ते त्यांना उशिरा समजलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ नुसता श्वास घेतला. हेमंतने आलं किसायला घेतलं. चहा येण्याआधीच उंबरठा खाली बसला होता, पण चहा घेतल्याशिवाय कुणी उठलं नाही.