थॉमस मास्तरांची वर्दळ

"ते मागचं गेट मी बंद करून दाखवतो!" असं थॉमस मास्तर ज्या दिवशी म्हणाले, त्याच दिवशी मर्सीबाईंनी काचेची भांडी उचलून ठेवली. नवरा काही करून दाखवतो म्हणाला की घरातलं काय काय मोडतं, याचा त्यांना चाळीस वर्षांचा अनुभव होता.

प्रकरण तसं गंभीरच. क्रुसाच्या आळीमागच्या जमिनीवर तीन मजली मॉल येऊ घातला होता. त्याचं तोंड मोठ्या रस्त्याला, ते येईना का बापडं. पण मालाचं गेट मागे, आळीत. वालीव-सातिवलीच्या गोदामांतले ट्रक तिथून आत जाणार. त्यासाठी आळी रुंद करायची आणि कडेचं बावखल अर्धं बुजवायचं, असा बेत शिजत होता. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं. आळीतल्या साऱ्या विहिरी त्याच्याच जिवावर. मास्तर त्यातच पोहायला शिकले होते, आणि ते बुजणार म्हटल्यावर त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं होतं.

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांनी उपायही गणितीच काढला.

"शनिवारी कंपनीची इंजिनीअर बाई आळीतली वाहनं मोजायला येतेय," ते शेजारच्या हरेश्वरला म्हणाले. "आळी आधीच तुडुंब दिसली, तर ट्रकला वाट देणार कोण?"

हरेश्वरची वाडी होती केळीची आणि सवय होती शंका काढायची. "पन आळीत चार स्कूटर नि एक पाववाला. भरनार कशानं?"

"फिरून फिरून. एकच स्कूटर वीसदा गेली की झाल्या वीस."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर मास्तरांनी घरोघरच्या माणसांना बाजूला घेऊन सांगितलं, "शनिवारी आठला वाहन घेऊन या." इथेच घात झाला. आळीत बारसं असो की घराचा पाया, सोयऱ्यांना सांगितल्याशिवाय काही होत नाही. मास्तरांच्या कार्यातून वगळलं तर लोक वर्षभर रुसून बसतील. म्हणून प्रत्येकानं आपापल्या व्याह्यांना, मेव्हण्यांना आणि लेकीच्या सासरी निरोप धाडले.

"जेवायला काय करू?" मर्सीबाईंनी विचारलं.

"जेवण कसलं? हे आंदोलन आहे."

मर्सीबाईंनी पाच पायली तांदूळ निवडायला घेतले.

शनिवारी इंजिनीअर रोशनी मॅडम आल्या, गाडी आळीत लावली आणि मास्तरांच्या कुंपणभिंतीपाशी जांभळाखाली खुर्ची टाकून बसल्या. नऊपर्यंत सगळं झकास चाललं. हरेश्वर स्कूटरवरून अकरा वेळा गेला, प्रत्येक वेळी टोपी बदलून. दहाला सोयरे यायला लागले. रिक्षा आल्या, टेम्पो आले, नवी साडी नेसलेल्या विहीणबाई आल्या. आणि मास्तरांचा भाचा मेलरॉय चाळीस माणसांनी भरलेली लग्नाची बस घेऊन आला. ती मास्तरांच्या घराजवळच्या वळणावर आली, मागून भिंतीला टेकली, पुढून बावखलाच्या काठाशी थांबली आणि तिथेच रुतून बसली. मागे रांग, पुढे रांग. मुंगीलाही वाट उरली नाही.

मास्तर छाती काढून मॅडमपाशी गेले. "पाहिलंत? आता सांगा, ट्रक कुठून जाणार?"

"खरंय सर," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. "मला एवढ्या वर्दळीची कल्पनाच नव्हती. मॉल येवो न येवो, हा रस्ता रुंद करायलाच हवा. तसंच लिहिते. बावखल अर्धं नाही, पूर्णच घ्यावं लागेल."

मास्तर घाईघाईनं पुढे झाले. "अहो, ही वर्दळ नाही. हे आमचे व्याही आहेत!"

"व्याही असले तरी वाहनं आहेत, सर."

तेवढ्यात हरेश्वर लांबून ओरडला, "मास्तर, अजून किती फेऱ्या मारू? टोप्या संपल्या!"

मॅडमनी टॅब खाली ठेवला आणि मास्तरांकडे पाहिलं. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या पोराचा चेहरा कसा होतो, ते मास्तरांनी हजारदा पाहिलं होतं. आज तसाच त्यांचा स्वतःचा झाला. त्यांनी सगळं कबूल केलं. शेवटी म्हणाले, "बाई, मला हसा, पण बावखल सोडा. ते गेलं तर आळी जाते हो."

मॅडम रागावून निघूनच गेल्या असत्या, पण त्यांची गाडी बसच्या मागे होती. ऊन तापलेलं. मर्सीबाईंनी त्यांना पानावर बसवलं, वर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, ठेवली, आणि हरेश्वरनं विहिरीचं पाणी आणून दिलं.

"फ्रिजमधलं का?" मॅडमनी तांब्या रिकामा करत विचारलं.

"नाय मॅडम. बावखलाचं पानी पाझरून येतं विहिरीत. एप्रिलातपन असंच थंड."

"अशा विहिरी किती?"

मग मास्तर त्यांना घरोघर घेऊन फिरले. एकोणीस विहिरी. मॅडमनी प्रत्येकीत वाकून पाहिलं, फोटो काढले, नोंदी केल्या. "आमच्या नकाशात हा पडीक खड्डा आहे," त्या म्हणाल्या. "हे आधीच दाखवलं असतंत तर सर, बस आणावी लागली नसती. मालाचं गेट मोठ्या रस्त्यावर न्यावं, असं लिहिते. ऐकतीलच असं नाही, पण लिहिते."

मास्तरांना हायसं वाटलं. मॅडमनी जुना नकाशा उघडला आणि बसजवळ टेप धरला. दोनदा धरला. "पण सर, आळी तर इथे चांगली रुंद आहे. ही भिंत आळीत आलीय. कोणाची?"

सगळे सोयरे मास्तरांकडे पाहू लागले. ती भिंत मास्तरांनी स्वतः, सुट्टीत, दोरी लावून बांधलेली; दोरीचं दुसरं टोक मर्सीबाईंच्या हातात.

चाळीस माणसं, चार पहारी. संध्याकाळपर्यंत भिंत भुईसपाट झाली आणि बस सुटली. मग सगळे पुन्हा जेवले.

दोन महिन्यांनी नवा नकाशा आला. मागचं गेट खोडलेलं होतं आणि बावखल निळ्या रंगात होतं, नावासकट. आळीनं क्रुसापाशी मेणबत्त्या लावल्या. मास्तर आता ओट्यावर बसले की थेट पाणी दिसतं. मधे भिंत नाही.

त्या वाटेनं जाणारा एक जुना विद्यार्थी थांबला. "मास्तर, भिंत किती आत होती हो?"

"अं... असेल ऐंशी सेंटिमीटर."

"पंच्याऐंशी," मर्सीबाई आतून म्हणाल्या.