हललेलं अस्वल

"हलू नका!" हा आमच्या जामबागेतल्या गोविंदरावांचा साऱ्या जगाला एकच उपदेश. फोटो काढायचं वेड, त्यामुळे ज्याला त्याला दटावणार. स्वतः मात्र नुसता पारा. बसले की गुडघा उडतो, उभे राहिले की टाचा. त्यांनी काढलेल्या आमच्या घरच्या बारशाच्या फोटोत बाळाला तीन डोळे आहेत. "बाळ हललं," असं ते अजून ठासून सांगतात.

रझाकारांच्या धामधुमीत त्यांनी बायकोला आणि पाच वर्षांच्या बेबीला सोलापूरला सासुरवाडीला पाठवलं. स्वतः सरकारी नोकरीत अडकले. तेव्हापासून चुळबूळ फारच वाढली. पुढे शहर निवळलं, मायलेकी परत यायच्या ठरल्या, तर गृहस्थांनी नवंच काढलं. "अस्वलाचा फोटो पाहिजे. पाठीवर पिल्लू घेतलेल्या."

"कैकू हो?" मी विचारलं.

"पाहिजे म्हंजे पाहिजे!"

आणि मला ओढत कृष्णेवर नेलं. उन्हाळ्यात तिथे अस्वलं पाण्याला येतात. आम्ही नावेत बसलो; तिथली नाव म्हणजे कातडं मढवलेली गोल टोपली. एकजण चुळबुळला की सगळी गरगरते. त्यामुळे कॅमेऱ्यासमोर कधी डोंगर, कधी नावाडी, कधी माझं नाक. शेवटी नावाडीच ओरडला, "साब, हिलो नक्को!" आयुष्यात पहिल्यांदा हे ऐकून गोविंदराव लाल झाले. मला मनातून फार बरं वाटलं.

रोलमध्ये एकच फोटो उरला, आणि झुडपातून मादी आली. पाठीवर केसांना धरून बसलेलं पिल्लू. मी घाबरून गोविंदरावांकडे पाहिलं. गुडघा गप्प, टाचा गप्प. फोटो निघाला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

परतताना आपणहून बोलले. "बेबीला पाठीवर घेऊन मी रोज अस्वल व्हायचो. ती म्हणायची, खोटं, अस्वल असं करतच नाही. नामपल्ली स्टेशनावर पाठीवरून उतरेना हो, ओढून काढली. म्हटलं, तू ये, खरा फोटो दाखवतो. दोन वर्षं झाली. ओळखेल ना मला?"



फोटो लख्ख आला. आम्ही दोघं स्टेशनावर गेलो. बेबी उंच झालेली, आईच्या पदराआड उभी. तिनं फोटो पाहिला, मग त्यांना पाहिलं.

गोविंदराव भर फलाटावर ओणवे झाले. टाचा उडायला लागल्या, थांबेचनात.

"हलू नका, बाबा," ती म्हणाली, आणि पाठीवर चढली.