तुराटीच्या काड्यांनीं खिचडी खाल्ली तें वर्तमान

श्री विद्यादेवता प्रसन्न. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, पौष वद्य तृतीया, गुरुवार, ते दिवशीं चौथीच्या राज्यांत जें घडलें तें पाहिलें तैसें लिहिलें असे. पदरचें कांहीं मिसळलें असेल तर तें मायेपोटीं, लबाडीनें नव्हे.

राज्य एका खोलीचें, पूर्वेस तिसरीची हद्द, पश्चिमेस हातपंप, आणि रयत एकतीस, पैकीं चौघांचे दांत पडलेले. राज्यावर देठेबाई विराजमान होत्या. त्यांचे मनीं आलें कीं आपली रयत तालुक्यापलीकडे गेली नाहीं, तिला परमुलखाच्या चालीरीती कळाव्या. म्हणून त्यांनीं भिंतीस नकाशा लाविला आणि जपान देशाचें वर्णन आरंभिलें, आणि तेथील लोक दोन काड्यांनीं भात जेवितात ऐसें सांगितलें. मग काय पुसतां. रयतेनें कुंपणापलीकडच्या शेतांतून तुराट्या आणिल्या, हातपंपावर धुतल्या, वीतवीतभर मोडिल्या आणि शस्त्रें परजून पंगतीस बसली. शाळेचा स्वयंपाक सोजरमावशींकडे. त्यांनीं ते दिवशीं खिचडी केली होती, पातळ, पिवळी, लसणाच्या फोडणीची. काडी बुडवावी आणि वर काढावी तों डाळ खालीं, भात खालीं, काडी तेवढी ओली. हात लावील तो जपानी नव्हे, ऐसी शपथ आधींच झालेली. मग घंटा वाजली आणि रयत उपाशीं उठली, आणि अर्धें पातेलें तैसेंच राहिलें.

अकरा वर्षांत मावशींचें पातेलें ऐसें राहिलें नव्हतें. त्या पदरास हात पुसून बाईंसमोर आल्या आणि बोलिल्या, "बाई, पोरं माझ्या खिचडीला बोट लावंनात. काड्यांनी ढवळून सोडली, किळस आल्यावानी. तुम्ही दुसरी बघा. ती मिळंस्तोवर येते." हें ऐकून बाईंचा चेहरा उतरला, आणि त्यांनीं "चूक माझी आहे, मावशी" म्हणून नकाशा दाखविला आणि काड्यांचें सर्व वर्तमान सांगितलें. मावशींनीं नकाशा निरखून पाहिला आणि पुसिलें, "त्या मुलखात शाळंतल्या पोरांना वाढतं कोन?"

"पोरंच वाढतात. डोक्याला टोपी घालून, पाळीपाळीनं."

"आन् रांधनारीला?"

बाईंनीं पुस्तक चाळून पाहिलें. मग बोलिल्या, "ते पुस्तकात नाही, मावशी." मावशी "बरं" म्हणाल्या आणि पातेलें उचलून चालत्या जाहल्या. त्यांचा राग गेला कीं राहिला तें कळेना, आणि बाईंस दिवसभर चैन पडेना. परंतु वही तपासून घेण्यास दारांत समीक्षा नामें मुलगी उभी होती, तिनें हें सर्व ऐकिलें आणि शाळा सुटतांच रयतेंत मसलत केली.

दुसरे दिवशीं मावशी पातेलें घेऊन बाहेर आल्या तों सारी रयत डोकीस रुमाल बांधून खडी. समीक्षेनें त्यांच्या हातची पळी घेतली आणि म्हणाली, "मावशी, बसा."

"अगं, मी मागनं जेवते."

"रोजच मागनं जेवता. आज आधी तुम्ही."

हें खरेंच होतें. अकरा वर्षें मावशी सर्वांमागून, तळाचें खरवडून, गार खात आल्या; आणि आम्ही शाळेंतलीं मोठीं माणसें तें रोज पाहत आलों आणि कधीं मनास लावून घेतलें नाहीं, याची लाज वाटते. मग बाईंनीं आपलें ताट मांडिलें आणि मावशी अवघडून बसल्या. एकानें वाढिलें, दुसऱ्यानें सांडिलें, तिसरीनें पाणी आणिलें, आणि एकतीस जण समोर उभे राहून पाहूं लागले. मावशींनीं एक घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"मीठ कमीच पडलंय गं," मावशी बोलिल्या. "उद्या बघते."

"उद्या" हा शब्द ऐकून देठेबाई नकाशा नीट करण्याचें निमित्त करून वर्गांत गेल्या आणि डोळे पुसून आल्या.

सारांश, जपानचें वर्णन आणखी तीन दिवस चालिलें. तेथें रांधणारीस कोण वाढितें, तें अद्याप कोणास ठाऊक नाहीं. येथें चौथीनें पाळ्या लाविल्या आहेत.