माझ्या बांगड्या आणि काळी खिंड

यापुढे रागवायचं नाही, असं मी एका सकाळी देवापुढे दिवा लावताना ठरवलं आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू झाला.

तशी मी व्रतांची बाई. एक सुटलं की दुसरं धरते. (ह्यांच्या मते मला सुट्टी सोसत नाही.) पण या खेपेचं कारण घरातलंच होतं. हे आणि माझी नणंद, सख्खे बहीणभाऊ, सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. जमिनीवरून नाही, दागिन्यांवरून नाही. कॉम्प्युटरवरच्या खेळावरून.

हे पोस्टात खिडकीवर बसतात. वन्सं दातांच्या डॉक्टर. दोघं आपापल्या घरी बसून एकाच बाजूने खेळायचे. कुठल्याशा परक्या ग्रहावर आपापल्या कोपऱ्यात तळ बांधायचा, जमिनीतून स्फटिक उपसायचे, त्यातून लोखंडी सैनिकांची फौज उभी करायची आणि समोरच्या दोघांचे तळ उडवायचे. त्या मैदानाचं नाव काळी खिंड. तर या खिंडीत वन्संच्या तळावर हल्ला झाला, त्यांनी दादाला हाक मारली आणि दादा गेला नाही. संपलं. वन्संनी आमचा उंबरा सोडला आणि ह्यांनी फोन. अहो, ज्या तळासाठी हे रामायण, त्याला एक वीट खरी नव्हती.

म्हणून मी देवाला, ह्यांनाही ऐकू जाईल असं, सांगितलं, ही दोघं पुन्हा बोलू लागेपर्यंत मी रागावणार नाही. रागावले, तर त्या दिवशी मला चहा नाही. (मनातल्या मनातला राग धरायचा नाही, हे आधीच बोलून घेतलं होतं. देव काही बोलला नाही, म्हणजे मान्य.)

आणि देव पावला. वन्संचा मला फोन आला. "वहिनी, रविवारी जेवायला येते. पण दादाने चूक कबूल केली पाहिजे."

मी निरोप दिला. "कबूल काय करायचंय?" हे म्हणाले. "मी तिला पुरावाच दाखवतो."

रविवारी सकाळी पाहते तर जेवणाच्या टेबलावर पुरावा पसरलेला. माझ्या सगळ्या वाट्या पालथ्या. मोठं ताट मधोमध. माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अहो, हे काय?"

"काळी खिंड. त्या दिवशी होती तशी. वाट्यांना हात लावू नकोस, ते डोंगर आहेत."

"आणि वाढू कशात? डोंगरात?"

"ताट म्हणजे गोठलेलं तळं. काळी बटणं माझी, पांढरी तिची."

"माझ्या बांगड्या का घेतल्यात? भांडी घासायला काढून ठेवल्या होत्या मी."

"ती दारं आहेत. एकीत फौज घातली की दुसरीतून बाहेर. दर डावाला त्यांच्या जागा बदलतात आणि मित्राच्या बाजूचं आपल्याला दिसत नाही. माझ्या बाजूला काय होतं, हे तिला ठाऊकच नाही. आज कळेल."

"बरं," मी म्हणाले. (मनात जे म्हणाले, ते देवाने ऐकलं नसेल अशी आशा आहे.)

हे आंघोळीला गेले. आता, मी टेबल आवरलं नाही हो. फक्त पुसलं. पाहुणी येणार आणि टेबलावर कालचे डाग, हे मला बघवेना. सगळं उचललं, फडकं मारलं आणि होतं तसं परत मांडलं. डोंगर मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने लावले, म्हणजे बघायलाही बरं. बटणं रंगाप्रमाणे वेगळी केली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

वन्सं आत आल्या त्या थेट टेबलापाशी. हे डोकं पुसत बाहेर आले. दोघांची नजरानजर नाही. वन्सं मात्र त्या मांडणीकडे पाहतच राहिल्या.

"दादा, तुझ्या बाजूला दार नव्हतंच?"

हे टॉवेलातून काहीतरी पुटपुटले.

"मग तू येणार कुठून? एवढे डोंगर मध्ये." वन्संचा आवाज ओला झाला. "आणि मी सहा महिने तुला भेकड म्हणत राहिले. चुकलंच माझं."

माझे हात आपोआप जुळले. व्रत फळलं. चहाचं आधण ठेवायला मी वळले आणि मागून ह्यांचा आवाज आला.

"पण दार होतं की. इथं. अगदी माझ्या तळाला लागून."

जगात असा आरोपी दुसरा नसेल. निर्दोष सुटून कोर्टाच्या पायऱ्या उतरताना हा मागे फिरतो आणि न्यायाधीशांना सांगतो, साहेब, सुरी ह्या खिशात होती.

"होतं?" वन्संनी पर्स खांद्याला लावली. "मग आला का नाहीस?"

"फौजेची रांग लागली नव्हती. एकेकाने जायचं तर रांग नको? मधूनच घुसत होते."

"माझा तळ जळत होता आणि तू रांग लावत होतास?"

"खिडकीवर मी हेच करतो. रांग मोडली की काम होत नाही."

"हे पोस्ट नाही, दादा. लोखंडी सैनिक आहेत ते, तिकिटं नाही घ्यायला आले. अक्कलदाढ उपटायला हवी तुझी. तशी असेल तर."

आणि मग माझा बांध फुटला. सहा महिन्यांचा, वर व्याजासकट.

"गप्प बसा दोघं," मी म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. "वाट्या जेवायच्या आहेत, बटणं शिवायची आहेत. सकाळपासून उभी आहे मी, जेवण गार झालंय. मी पुसून मांडलंय ते टेबल. डोंगर मी लावलेत, कळलं? तुमच्या खिंडीत जाऊन पडा दोघं."

दोघं हळूच माझ्या मनगटांकडे पाहू लागली. मीही पाहिलं. पुसून झाल्यावर हातांना आपलं वळण. दोन्ही दारं मी घालून बसले होते.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "तू नकाशाला हात लावलास?"

"तेच म्हणतो मी," हे म्हणाले. "आणि डोंगर काय असे ओळीत असतात?"

"कधीच नाही, दादा. मला आधीच शंका आली होती."

"हिला काय सांगायचं."

"बघ ना."

सहा महिन्यांनी बहीणभावांचं एकमत झालं होतं. माझ्या बांगड्या उतरवून घेऊन दोघं डोक्याला डोकं लावून खिंड पुन्हा मांडायला बसली. हे अधूनमधून हसत होते. वन्सं त्यांच्या पाठीत चापट मारत होत्या. वाट्या काही सुटल्या नाहीत. शेवटी मी चहाच केला. तीन कप आणून टेबलाच्या कडेला ठेवले.

"अगं," हे नकाशावरून मान न उचलता म्हणाले, "तू आत्ता रागावलीस ना? मग हा तिसरा?"

"अर्धा अर्धा घेऊ, दादा," वन्सं म्हणाल्या आणि माझा कप दोघांत सारखा ओतला.

मी देवाकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. म्हणजे मान्य.