शकुनाचा तुकडा

शेलूबाजारच्या जीप स्टँडामागे फय्याजचं शिवणकामाचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. त्या घरात फय्याजने एक लहानसा निर्णय घेतला: शंभराचे एकशे एक करायचे. (मिठाईचे नग असोत की आहेराचे नारळ, शकुनाचा एक वर टाकल्याशिवाय या माणसाला चैन पडत नाही.)

झालं असं, की थोरली अनम बाळंतपणाला माहेरी आलेली. सव्वा महिना भरला होता आणि शुक्रवारी तिची सासू शिरपूर जैनहून तिला न्यायला येणार होती. बाळाला रजई द्यायची, तीही घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांचे चौकोनी तुकडे जोडून. बायको सुगराबीची निकाहातली ओढणी, अनमचा शाळेचा युनिफॉर्म, धाकट्या इकराचा ईदचा फ्रॉक. फय्याजने चार-चार बोटांचे शंभर चौकोन कापले आणि शकुनाचा एक.

या समधिणीच्या, म्हणजे अनमच्या सासूच्या, नजरेतून मात्र काही सुटत नसे. फय्याजने शिवलेल्या जावयाच्या शेरवानीत तिला एक टाका तिरका दिसला होता आणि ते बोलणं बिचारी अनम लग्नापासून ऐकत होती. या वेळी लेकीला ऐकावं लागेल असं काही जायला नको, एवढंच फय्याजला हवं होतं.

गुरुवारी तो लादीवर तुकडे मांडायला बसला. दहा-दहाच्या दहा ओळी झाल्या, एक उरला. अकराच्या ओळी केल्या तर दोन उरले. बाराच्या केल्या तर पाच. सातच्या केल्या तर तीन. त्याने दारातल्या बकरीकडे संशयाने पाहिलं, पण बकरी तुकडे खाते, उरवत नाही.

सुगराबी म्हणाली, एक काढून टाका आणि मोकळे व्हा. फय्याजला ते ऐकवेना. शकुनाचं टाकलेलं कोणी काढतं का, तेही लेकराच्या अंगावरून?

इकरा सहावीत. ती कापायच्या टेबलाशी उभी राहून अब्बाच्याच खडूने गृहपाठ करत होती. वर साठ, त्याखाली दोन फांद्या, सहा आणि दहा. सहाखाली दोन आणि तीन, दहाखाली दोन आणि पाच.

"हे झाड उलटं काहून?" फय्याजने विचारलं.

"खाली फुटत जाते म्हणून. जो आकडा अजून फुटतच नाही, तिथं थांबायचं. तो मूळ. हे सारे मूळ गुणले की साठ वापस येते."

फय्याजने हळूच सांगितलं की मग एकशे एकाचं झाड काढ. इकराने दोनने भागून पाहिलं, तीनने, पाचने, सातने. मग खडू ठेवला.

"अकराने नाही पाहत?"

"कायले? अकरा गुणिले अकरा एकशे एकवीस होते. आपला आकडा त्याच्या आतच हाय. हे फुटत नाही, अब्बा. सोन्यासारखे शंभर होते, तुमी त्याचा खुंटा करून ठेवला."

फय्याज टेबलाकडे पाहतच राहिला. वीस वर्षं तो त्या टेबलावर खडू चालवत होता, पण आस्तीन आणि गळ्यापलीकडे त्यातून काही निघतं हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ही एवढीशी पोरगी उभ्या उभ्या आकड्याच्या पोटात काय आहे ते काढून दाखवत होती. त्याला लेकीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. (सुगराबीला त्याने धूळ गेल्याचं सांगितलं.)

आता कमी करायचं नाही, तर वाढवायचं. एकशे दोन करून पाहिलं: दोन, तीन, सतरा. म्हणजे सहा रुंद आणि सतरा लांब. सुगराबीने विचारलं, लेकरासाठी रजई हवी की जेवताना अंथरायचं दस्तरखान. शेवटी इकराने एकशे आठचं झाड काढलं. दोन, दोन, तीन, तीन, तीन. नऊ आणि बाराची देखणी रजई.

"सात तुकडे कोणाचे?" सुगराबी म्हणाली.

इकराने सगळी मांडणी पाहिली. "साऱ्या घराचे कपडे हायेत. अब्बा तेवढे नाहीत."

खरंच नव्हते. शिंप्याकडे स्वतःचा धड कपडा एकच, जुम्म्याचा पांढरा कुर्ता. फय्याजने क्षणभर विचार केला आणि कैची कुर्त्याच्या पाठीवर लावली, कारण समधीण समोरूनच येणार. नवं ज्ञान डोक्यात ताजं होतं. सात फुटत नाही, म्हणजे सगळे एकाच ओळीत कापायचे. गळ्यापासून कंबरेखालपर्यंत सरळ पट्टी निघाली.

शुक्रवारी समधीण आली. फय्याज तोच कुर्ता घालून भिंतीला पाठ लावून बसला आणि चहाही त्याने बसूनच घेतला. तिने रजई उलटीसुलटी पाहिली, कोपरे जुळवले, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग पांढऱ्या तुकड्यांवर थांबून विचारलं, हे कोणाचे.

"अब्बाचे," अनम म्हणाली.

समधिणीने बाळाला त्याच रजईत गुंडाळलं आणि काम साफ आहे म्हणाली. अनमचा चेहरा उजळला. फय्याजला इतका आनंद झाला, की तो उठला आणि लेकीची पेटी जीपमध्ये ठेवायला सगळ्यांसमोर वाकला.

समधिणीने ती उघडी पाठ नीट पाहून घेतली.

"अनम," ती म्हणाली, "मागच्या खेपेले तुझ्या बापाचा टाका तिरका होता. आता तर घालनंच सोडून देल्लं."