धातुमास्तर आणि वाव-हे-मीम

धातुमास्तरांचा एक ठाम दावा होता. शब्द कितीही सोंगं घेऊन आला तरी त्याचं कूळ मी तीन अक्षरांत काढून दाखवतो, असं ते म्हणत, आणि माणूस ओळखायला तर मला त्याची दोन वाक्यंही पुरतात! शब्दकोशाच्या कार्यालयात एकतीस वर्षं अरबी धातूंचा विभाग सांभाळल्यावर माणसाला एवढा आत्मविश्वास येणारच. अरबी शब्दाचं मूळ बहुधा तीन अक्षरांचं असतं. त्याच्या पुढे, मागे, मध्ये काही चिकटलं की लेकरंबाळं होतात, आणि त्यातली बरीचशी आपल्या भाषेत येऊन घरजावयासारखी ठाण मांडून बसली आहेत. त्या सगळ्यांची खानेसुमारी करायची, हे मास्तरांचं काम.

सध्या त्यांच्या टेबलावर वाव-हे-मीम या तीन अक्षरांचा धातू होता. यातूनच वहीम निघाला, म्हणजे संशय. यातूनच वहमी, म्हणजे संशयी माणूस. मोहूम म्हणजे जे नुसतं मनातच आहे ते. आणि तोहमत, म्हणजे दुसऱ्यावर घेतलेला आळ, तीही याच घरातली. वहीम आणि तोहमत सख्खी भावंडं आहेत हे ऐकून लोक चकित होत. मास्तर म्हणत, यात नवल कसलं? मनात एक आला की तोंडात दुसरी यायला कितीसा वेळ लागतो?

पण मास्तरांची झोप उडाली होती ती धातूमुळे नव्हे. साठी भरायला महिना उरला होता. वर्षभराची मुदतवाढ मिळाली तर विभाग पुरा होणार होता. नाही मिळाली तर एकतीस वर्षांचं काम कुणाच्या तरी हवाली करून घरी बसायचं. शुक्रवारी समिती ठरवणार होती. अशा वेळी माणसाला घड्याळाची टिकटिकसुद्धा आपल्याविरुद्ध काहीतरी कुजबुजतेय असं वाटतं.

समोरच्या टेबलावर मुद्रितं तपासणाऱ्या बाई बसत. चार वर्षांत त्यांची एकही तक्रार आली नव्हती, आणि आता मास्तरांना नेमकं तेच खटकायला लागलं. इतकं सरळ कुणी असतं का?

सोमवारी मास्तरांच्या टेबलामागची खिडकी उघडी राहिली आणि त्यांचे कागद उडाले. ते वैतागून म्हणाले, ही खिडकी आपोआप उघडलेली नाही, कुणीतरी मुद्दाम उघडलीय. बाईंनी मान वर केली, पर्समधून एक पांढरं कार्ड काढलं, त्यावर भराभर काहीतरी लिहिलं आणि कार्ड परत आत टाकलं. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. कोशाच्या नोंदींची कार्डं पिवळी असतात. मग हे पांढरं कार्ड कशासाठी?

दुपारी ते शिपायाला म्हणाले की हल्ली माझ्या पेल्यातलं पाणी मी न पिता कमी होतं. बाईंनी कार्ड काढलं! संध्याकाळी ते स्वतःशीच पुटपुटले की जिन्यात भेटलेला छापखान्याचा माणूस उगाच हसला. बाईंनी पुन्हा कार्ड काढलं, आणि या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळसुद्धा टिपली. आता शंकेला जागाच उरली नाही. मुख्य संपादकांनी मुदतवाढीआधी पाळत ठेवलीय, आणि ती ठेवायला या गरीब गायीला नेमलंय.

घरी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली की त्या बाई घरचा हिशेब लिहीत असतील. मास्तर म्हणाले, माझं पाणी कमी झाल्यावर? बायको म्हणाली, "संशयाला औषध नाही. मागच्या वर्षी तुम्ही धोब्यावर पाळत ठेवली होती, आणि शर्ट तुमच्याच अंगात होता." मास्तरांनी विषय बदलला, पण ही एवढ्या घाईने त्या बाईंची बाजू का घेतेय, हा प्रश्न मनात नोंदवून ठेवला.

मंगळवारी त्यांनी सापळा लावला. बाईंना ऐकू जाईल अशा बेताने ते फोनवर म्हणाले की मला दुसऱ्या संस्थेचं बोलावणं आलंय. फोनच्या पलीकडे कुणीच नव्हतं. बुधवारी सकाळी मुख्य संपादक व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, काय, तब्येत बरी आहे ना? झालं! एकतीस वर्षांत साहेबांनी तब्येत कधी विचारली होती? खबर पोचल्याचा याहून मोठा पुरावा काय हवा? साहेब ते वाक्य रोज सगळ्यांना म्हणतात, ही गोष्ट मास्तरांच्या अजिबात ध्यानात आली नाही.

बुधवारी त्यांनी मौन धरलं. शिपायाशी खुणांनी बोलायचं, फोन उचलायचा नाही, शिंक आली तर बाहेर जाऊन द्यायची. बाई दिवसभर अस्वस्थ होत्या. दोनदा खुर्ची सरकवून जवळ आल्या. शेवटी चार वाजता त्यांनी काकुळतीने विचारलं, "सर, आज काहीच बोलला नाहीत? कुणाचा संशयबिंशय आला नाही का?" मास्तरांच्या अंगावर काटा आला. भुकेल्या मांजराने उंदराची ख्यालीखुशाली विचारावी, तसलाच हा प्रकार होता.

गुरुवारी बाई जेवणाचा डबा धुवायला गेल्या, तेव्हा त्यांच्या पर्समधून एक कार्ड अर्धं बाहेर डोकावत होतं. मास्तरांनी मान वाकडी करून वाचलं. त्यांचंच वाक्य, शब्दन् शब्द: "ही खिडकी आपोआप उघडलेली नाही." खाली वार आणि तारीख. वरचा अर्धा भाग पर्समध्ये होता, आणि परक्या बाईच्या पर्सला हात लावण्याइतके मास्तर खालच्या थराला गेले नव्हते. पण जेवढं दिसलं तेवढं पुरे होतं. त्या दुपारी त्यांनी पाच पानी तक्रारअर्ज लिहिला. "सदर बाई विश्वासघातकी असून माझं एकतीस वर्षांचं काम बळकावण्याच्या कटात सामील आहेत," असं वाक्य त्यात तीनदा आलं, दरवेळी थोडं अधिक चढ्या आवाजात. बाईंना ताबडतोब कामावरून दूर करावं, अशी शेवटची ओळ होती.

शुक्रवारी समितीच्या आधी ते मुख्य संपादकांच्या खोलीत गेले आणि अर्ज उभ्याउभ्या वाचून दाखवला. साहेबांनी पाचही पानं शांतपणे ऐकली. मग त्यांनी बाईंना कार्डं घेऊन बोलावलं.

बाई आल्या त्या पिवळ्या कार्डांचा गठ्ठा घेऊन. पांढरी कार्डं कच्ची होती, रात्री घरी बसून त्यांनी पिवळ्यांवर सुवाच्य उतरवली होती. साहेबांनी वाचायला सांगितलं. बाई खालमानेने वाचू लागल्या. "धातू वाव-हे-मीम. वहीम, नाम. निराधार संशय. जिवंत बोलीतलं उदाहरण: ही खिडकी आपोआप उघडलेली नाही. मोहूम, विशेषण. केवळ मनातलं. उदाहरण: हल्ली माझ्या पेल्यातलं पाणी मी न पिता कमी होतं."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले.

साहेब म्हणाले की या धातूला बोलीतली उदाहरणं नाहीत म्हणून विभाग दोन वर्षं अडला होता, आणि अडलेल्या विभागाला समिती मुदतवाढ देत नाही. बाई आपणहून आल्या होत्या. सरांचं काम राहता कामा नये, म्हणाल्या. आणि माणसाला सांगून टिपलं तर तो सांभाळून बोलतो, म्हणून हे गुपचूप करायचं ठरलं.

"सगळं झालं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "फक्त तोहमतीला उदाहरण मिळत नव्हतं. हल्ली कुणी कुणावर तोंडावर आळ घेतच नाही."

साहेबांनी टेबलावरचा पाच पानी अर्ज उचलला आणि बाईंच्या हातात दिला. "हे घ्या. तीनदा आहे. सगळ्यात चांगलं ते निवडा."

बाईंनी पहिलं पान वाचलं. त्यांचा चेहरा उतरला, डोळे भरून आले. मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एकतीस वर्षांत आपल्यासाठी कुणी इतकं राबलं नव्हतं, आणि जी आपली नोकरी वाचवायला राबली तिचीच नोकरी घालवायला आपण निघालो होतो. ते उठले. कसेबसे म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. मला माफ करा."

बाईंनी पदराने डोळे टिपले. मग पर्स उघडून एक कोरं कार्ड काढलं.

"माफ म्हणजे ऐन-फे-वाव ना, सर?" त्यांनी विचारलं. "पुढच्या वर्षीचा धातू. त्याला या कार्यालयातून अजून एकही उदाहरण मिळालेलं नाही. पुन्हा एकदा म्हणता? जरा सावकाश."

धातुमास्तरांनी शब्द तोडून तोडून, लिहून घेता येईल अशा बेताने, पुन्हा माफी मागितली. आणि विभागप्रमुख तेच असल्यामुळे, कार्डाखाली 'तपासलं, अस्सल आहे' अशी सहीही त्यांनाच करावी लागली.