कठड्यासाठी एक रीळ वायर

"अहो, वायर आणायला जाल तेव्हा आधी काय जोडायचंय ते सांगायचं, मग वायर मागायची. आणि एक लक्षात ठेवा, रिळाचं टोक..."

रिळाच्या टोकाचं पुढे काय, ते मास्तरांना काही केल्या आठवेना. बाई हे बोलल्या तेव्हा मास्तरांचं शिलाई मशीन चालू होतं. मशीन चालू असताना बायको बोलली की "हं" म्हणायचं असतं, तसं ते म्हणाले होते. एकतीस वर्षं ते "हं"च म्हणत आले होते. बाईंना जाऊन आता सात महिने झाले, आणि त्या सगळ्या "हं"मागचं बोलणं पुन्हा ऐकायला मिळालं असतं, तर मास्तरांनी हातातला अर्धा शिवलेला कोट तसाच खाली टाकला असता.

घर असं होतं: पुढच्या खोलीत मास्तरांचं शिवणकाम, मागच्या खोलीत बाईंचं वेल्डिंग. मधल्या खिडकीला वेल्डिंगच्या झगमगाटापासून डोळे वाचवणारी काळी काच. नवरा शिंपी, बायको वेल्डर! लोक हसायचे. मास्तर म्हणायचे, "त्यात काय हसायचं? दोघं जोडायचंच काम करतो. तिच्या ठिणग्या उडतात, माझे दोरे पडतात. झाडू एकच लागतो."

आता झाडूला दोरेच तेवढे सापडत. पण मास्तरांचा एक नेम होता. रोज सकाळी मागची खोली उघडायची, बाईंचं मशीन कोरड्या फडक्याने पुसायचं, खोली बंद करायची. ताप असो, गिऱ्हाईक दारात उभं असो, नेम म्हणजे नेम. मशीन इतकं चकचकीत झालं होतं की त्यात पाहून दाढी करता आली असती.

घरात दुसरा आवाज होता तो फक्त वरून येणारा. वरच्या मजल्यावर मावशी राहत, वय ब्याऐंशी, पेशा सुईणीचा, आता निवृत्त. त्यांचा जिना बाहेरच्या बाजूने, लोखंडी, अठरा पायऱ्यांचा. सात महिन्यांपूर्वी त्याचा कठडा दोन जागी जोडातून सुटला आणि त्याच आठवड्यात बाईंनी अंथरूण धरलं. "मावशी, मी उठले की पहिलं काम तुमच्या कठड्याचं," असा शब्द त्यांनी दिला होता. बाई उठल्या नाहीत. मावशी उतरल्या नाहीत. भाजी आणि औषधं टोपलीला दोरी बांधून वर जात.

बाकीचं सगळं बोलणं काठीने चाले. वरून एक ठोका आला की "चहा झाला". दोन आले की "रेडिओ मोठा करा". तीन म्हणजे "काही नाही, सहज". तीनच जास्त यायचे. मग मास्तरही कापड मोजायचा लाकडी गज उचलून छताला तीनदा लावत आणि टीप मारायला बसत.

बुधवारी सकाळी मात्र काठी वाजली नाही. मावशी स्वतःच गच्चीच्या कडेशी आल्या.

"मास्तर! रविवारी लेक येतेय. म्हणते, कठडा नाही तर तिथे राहणं नाही. सामान बांधून ठेव म्हणाली."

"कायमचं?"

"मग काय दोन दिवसांसाठी भांडी बांधू?"

 मास्तरांनी एकदा घराकडे पाहिलं, एकदा छताकडे. मग छाती पुढे काढून म्हणाले, "सामान सोडा. कठडा मी जोडतो!"

"तुम्ही? अहो, दुसरा वेल्डर बोलवा की!"

"बाईचा शब्द परक्याच्या हाताने पुरा करायचा? आणि मी एकतीस वर्षं वेल्डिंगच्या घरात काढलीत, मावशी! लोखंड काय नि कापड काय! दोन तुकडे जवळ आणायचे नि टीप मारायची!"

मावशींनी बराच वेळ खाली पाहिलं. मग पदर खोचून आत गेल्या. त्यांनी आयुष्यभर पहिलटकरणींचे नवरे पाहिले होते, असा उत्साह त्यांच्या चांगला ओळखीचा होता.

मास्तर दुकानात गेले. दुकानदाराचा चष्मा इतका जाड की डोळे त्यात मासे पोहावेत तसे फिरत.

"वेल्डिंगची वायर द्या."

"काय जोडायचंय?"

आता, इथे बायकोचं ऐकायची सोन्यासारखी संधी होती! पण दुकानात चार कारागीर उभे होते. त्यांच्यासमोर "मला त्यातलं काही कळत नाही" असं कोण म्हणणार?

"जे जोडायला लागेल ते," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "अनुभवी माणसाला काय विचारता? दाखवा रिळं."

चार रिळं समोर आली. मास्तरांचे डोळे लकाकले. हे तर त्यांच्याच राज्यातलं काम! कापडाला मिळता दोरा निवडणं त्यांना झोपेत जमलं असतं. कठड्याचा रंग चंदेरी, म्हणून त्यांनी चंदेरी रीळ उचललं. हाताला हलकं लागलं. 'चांगल्या प्रतीचं असणार,' ते मनाशी म्हणाले.

घरी येऊन त्यांनी मशीनचं झाकण उघडलं. बाईंना काळ्या काचेतून हजारदा पाहिलेलं असल्याने वायर कुठून कुठे जाते ते त्यांना ठाऊक होतं. वायर ओवली, हातात धरायच्या वेल्डिंगच्या पिस्तुलाचं, म्हणजे गनचं, बटण दाबलं. आत खर्रर्र झालं, पण गनच्या तोंडातून काही येईना. झाकण उघडून पाहतात तो चाकांपाशी वायरीचं एवढं मोठं घरटं! पाखरू येऊन अंडी घालायचंच काय ते बाकी!

मास्तर पुन्हा दुकानात.

"अहो साहेब, ही ॲल्युमिनियमची!" दुकानदार म्हणाला. "मऊ असते. गनपर्यंतच्या लांब पाइपातून ढकलली की दुमडते. तिला गनच वेगळी लागते. ॲल्युमिनियमच जोडायचं होतं ना?"

"म्हणजे... लोखंडच."

"मग ही का नेलीत?"

"रंग मिळाला," मास्तर पुटपुटले.

दुकानदाराने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "कठड्याचा रंग हा रंग आहे हो, धातू नव्हे. वायर रंगाला नाही, धातूला मिळती घ्यायची. ही ॲल्युमिनियमला. ही स्टीलला, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं असतं त्या स्टीलला. ही तांबूस दिसते ती लोखंडाला. वरचं तांब्याचं पाणी फक्त गंजू नये म्हणून. पण हिला सोबत गॅस लागतो. आणि ही चौथी..."

चौथीपर्यंत कोण थांबतो! मास्तरांच्या कानात "लोखंडाला" एवढं शिरलं. शिवाय मागे एक कारागीर दुसऱ्याला कोपराने ढोसत होता, ते त्यांना दिसलं होतं. तांबूस रीळ काखेत मारून ते बाहेर पडले.

गुरुवारी सकाळी नेम झाला. मग मास्तरांनी जमिनीवर बसून नवं रीळ पुढ्यात घेतलं. टोक रिळाच्या कडेला एका भोकात वाकवून अडकवलेलं होतं. दोऱ्याच्या रिळाचं टोक ते जसं रोज सोडतात, तसंच नखाने हलकेच उचललं आणि सोडून दिलं.

आता दोरा सोडला की पडून राहतो. वायर नाही राहत! पाच किलो पोलादी तार जन्मभर दाबून ठेवलेल्या रागासारखी उसळली. पहिला वेढा मास्तरांच्या कानावरून गेला, दुसरा चष्म्यातून, तिसरा खुर्चीला घेऊन आला. ते उठायला गेले तर रीळ गडगडत पलीकडे गेलं आणि आणखी पन्नास वेढे मोकळे झाले. एक हात सोडवला की दुसरा अडके. दोन मिनिटांत मास्तर, खुर्ची, इस्त्री आणि एका गिऱ्हाइकाची अर्धी शिवलेली पँट असं एकच गाठोडं तयार झालं.

आणि अगदी त्याच क्षणी बाईंचं वाक्य पूर्ण आठवलं.

"रिळाचं टोक हातातून सोडू नका हं!"

"हं," मास्तर म्हणाले. सवयीने.

 हाक मारायला कोणी नव्हतं. नेहमी मागच्या खोलीतून "काय झालं हो?" असं यायचं. या वेळी काळी काच नुसती काळीच राहिली.   शेवटी डाव्या हाताच्या दोन बोटांत गज आला, तो त्यांनी कसाबसा छताला लावला. एक, दोन, तीन. आणि मग, न राहवून, चार.

चाराचा अर्थ कधी ठरलाच नव्हता.

वर काहीतरी सरकलं. दार वाजलं. मग जिन्यावर खण्-खण्-खण् करत आधी काठी एकटीच खाली आली. तिच्यामागून थप्प. थोड्या वेळाने पुन्हा थप्प. अठरा वेळा थप्प. आणि दारात मावशी उभ्या!

"अगंबाई! हा काय अवतार? कोळ्याचं जाळं तरी नीट असतं!"

"मावशी, तुम्ही खाली? कठड्याशिवाय?"

"बसत बसत आले. एकेक पायरी. लुगड्याची मागची बाजू पाहू नका, पुढच्या आठवड्यात ठिगळ लावून द्या." त्यांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली.

"ती नाही!" मास्तर ओरडले. "ती कापडाची आहे! तिने मी कागदसुद्धा कापू देत नाही!"

"मग बसा असेच पँटीशी संसार करत!"

"मागे भिंतीवर... बाईची पक्कड आहे."

मावशींनी पक्कड आणली.  हजारभर नाळा कापलेल्या हातांना तारेचं काय! कट्, कट्, मास्तर मोकळे होत गेले.

"पण मावशी, तुम्ही कशाला एवढा जीव धोक्यात घातलात?"

मावशींनी त्यांच्या कानामागचा शेवटचा तुकडा काढला. "तुमच्या बाईने वचन घेतलं होतं. म्हणाली, मास्तर कुणाला हाक मारायचे नाहीत, त्यांचा स्वभावच नाही. पण मारलीच, तर जा हं, मावशी. सात महिने कान लावून बसलेय मी. तुम्ही आपले तीनच ठोकता!"

मास्तरांनी खाली वाकून तारेचे तुकडे गोळा करायला घेतले. बराच वेळ ते गोळाच करत होते.

मग दोघांनाही एकदमच काहीतरी सुचलं आणि दोघांनी जिन्याकडे पाहिलं.

"बसत बसत खाली येता येतं," मावशी सावकाश म्हणाल्या. "बसत बसत वर जाता येत नाही."

झालं! आता रविवारी लेक आली की तिला आईचा शोध घ्यायला वरही जावं लागणार नव्हतं! त्या रात्री मावशी बाईंच्या खाटेवर झोपल्या आणि मास्तर कापड बेतायच्या टेबलावर. मावशींच्या घोरण्याने त्यांना तासभर झोप लागली नाही. त्यांनी तक्रार केली नाही. उलट ते मधूनमधून कान देऊन ऐकत होते.

शुक्रवारी ते तिसऱ्यांदा दुकानात गेले. तेच चार कारागीर होते. मास्तर सरळ पुढे गेले.

"आधी काय जोडायचंय ते सांगतो," ते म्हणाले. "जिन्याचा कठडा. लोखंडी, पाइपाचा, दोन जागी सुटलाय. जिना उघड्यावर आहे, वारा लागतो. गॅसची टाकी बाई गेल्यावर परत केली. वर एक म्हातारी राहते, ती आता खाली आहे. आणि मी शिंपी आहे. मी आयुष्यात कधी वेल्डिंग केलेलं नाही."

कुणी हसलं नाही. दुकानदाराने रेडिओ बंद केला.

"बाई म्हणजे... तुम्ही आपल्या वेल्डरबाईंचे?"

"हं," मास्तर म्हणाले.

दुकानदार स्टुलावर चढला. वरच्या फळीवरून त्याने धुळीने माखलेलं एक रीळ काढलं. त्यावर खडूने 'बाई' असं लिहिलं होतं. "दर दोन महिन्यांनी न्यायच्या, म्हणून बाजूला ठेवलं होतं. मला वाटलं, दुसऱ्या दुकानात जायला लागल्या." त्याने ते फुंकून, मग बाहीने पुसलं. "ही चौथी, मास्तर. हिच्या पोटातच पावडर असते. गॅस नको, वाऱ्यातही चालते. उघड्यावरच्या लोखंडाला बाई हीच नेत."

बुधवारी दोन-दोन चकरा! आणि जी हवी होती ती 'बाई' असं नाव लावून फळीवर बसलेली होती!

दुकानदार दुकान कारागिरांवर सोपवून स्वतः घरी आला. या वायरीसाठी मशीनमधल्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते, ती त्याने केली. भंगाराच्या पट्टीवर एक ओळ ओढून दाखवली. जाताना बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत भंगारावरच ओढत राहा. मग मी येतो, हातोडीने ठोकून पाहतो. जोड टिकला तर कठडा तुमचा. नाही टिकला तर गन माझ्या हातात, आणि राग मानायचा नाही."

"नाही मानणार," मास्तर म्हणाले. हे मात्र त्यांनी नीट ऐकून म्हटलं.

मावशींनी लेकीला फोन लावला. "रविवारी ये. पण रिकाम्या हाताने ये, खोकी आणू नकोस... अगं, मी खालीच आहे... कशी आले ते समोरासमोर सांगेन, फोनवर ओरडशील."

मास्तरांनी बाईंचा चामडी ॲप्रन घातला. तो त्यांनीच कधीतरी शिवून दिला होता. दुहेरी टीप, कुठे उसवली नव्हती. हातमोजे चढवले. शिंप्याच्या खडूने पट्टीवर सरळ रेघ आखली. पुढच्या खोलीत, काळ्या काचेच्या अलीकडे, एकतीस वर्षं जिथे ते स्वतः बसत तिथे मावशी बसल्या.

रिळाचं टोक चिमटीत घट्ट धरून मास्तरांनी ते ओवलं, ते गनमधून बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. मग मास्क खाली ओढला. पहिली ठिणगी उडाली. ओळ निघाली, वाकडी, मुंगळ्यांच्या रांगेसारखी, पण निघाली.

पलीकडून काठी वाजली. तीनदा.

मास्तरांनी मास्क वर केला. "काय हो?"

"काही नाही, सहज," मावशी म्हणाल्या. "पण मास्तर, एक विचारू? तुम्ही खाली पाय कशाला हलवताय?"

मास्तरांनी खाली पाहिलं. उजवा पाय, शिलाई मशीनच्या नसलेल्या पेडलवर, इमानेइतबारे वरखाली होत होता.

"त्याच्याशिवाय हात चालत नाही," ते ओशाळून म्हणाले, आणि मास्क पुन्हा खाली ओढला.